ताटाच्या काठावरची भाजी

“पण मग मुलं भाजी बाजूला का काढतात, भन्ते?”

दिघेबाईंनी विचारलं आणि विहाराच्या पायरीवर बसकण मारली. शाळेपासून विहार काही लांब नाही, पण त्या दिवशी तेवढं चालणंही त्यांना जड गेलं होतं.

भन्ते धीरानंद खांबाला पाठ टेकून गुडघे चोळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कालही काढली?”

“रोज काढतात. खिचडी पोटात, दोडका ताटाच्या काठावर. शेवग्याचा पाला तर एकेक पान वेचून काढतात, तांदळातले खडे वेचावेत तसा.”

“मग त्या भाजीचं काय होतं?”

“कोंबड्या खातात.”

भन्ते थोडं हसले. बाईंना हसू आलं नाही.

दिघेबाई म्हणजे गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. हाती घेतलं की तडीस नेणार, असा त्यांचा लौकिक होता, आणि तो त्यांनाही चांगला ठाऊक होता. मागं शाळेत रक्त तपासणारे आले, तेव्हा बहुतेक मुलांचं रक्त कमी भरलं. बाई त्या दिवशी घरी जाऊन रडल्या आणि दुसऱ्या दिवशी पदर खोचून कामाला लागल्या.

शाळेला जागा होती, पाणी नव्हतं. पाणी होतं बौद्धवस्तीतल्या विहाराच्या विहिरीला. बाईंनी विहाराच्या मंडळींना गळ घातली, विहाराशेजारची पडीक जागा मिळवली आणि तिथं मुलांच्या जेवणासाठी बाग उभी केली. दोडका, दुधी, वाल, अंबाडी, बांधाला शेवगा. वस्तीतल्या बायका पाळीपाळीनं पाणी द्यायच्या, खुरपायच्या, सकाळी भाजी तोडून शाळेत पोचवायच्या. शाळेत प्रयागमावशी ती खिचडीत घालून शिजवायच्या. मावशीही वस्तीतल्याच.

भाजी वर्गातही शिकवली जायची. भिंतीवर तक्ते लागले, गाणी बसली, ताट स्वच्छ करणाऱ्याच्या वहीवर तारे चिकटले. शेवग्याच्या पाल्यात काय असतं, असं विचारलं की सगळा वर्ग एका सुरात ‘लोह’ म्हणून ओरडायचा. मग जेवायला बसला की तेच लोह काठावर काढून ठेवायचा. गावातल्या कोंबड्यांचं रक्त मात्र झकास वाढलं असणार.

सगळीच मुलं काढायची असं नाही. वस्तीतली मुलं ताट चाटूनपुसून खायची. काढायची ती गावातली. पुढं पुढं तर गावातली बरीच मुलं घरून डबेच आणायला लागली.

आणि आता सोमवारी शाळेच्या व्यवस्थापन समितीची बैठक होती. तिथं काय होणार ते ठरल्यातच जमा होतं. मुलांना भाजी आवडत नाही, मग बाग हवी कशाला? साधी डाळ-तांदळाची खिचडी शिजवा, सगळ्यांची पोरं जेवतील. बाग बंद. हे म्हणताना समितीतल्या कुणीही एक वाईट शब्द वापरला नव्हता. अशा कामाला आपली माणसं फार गोड बोलतात.

“तुम्ही या सोमवारी,” बाई म्हणाल्या. “दोन शब्द बोला. तुमचं ऐकतील.”

“माझं?”

“तुमचा मान आहे गावात.”

भन्ते गुडघा चोळत राहिले. मानाबद्दल त्यांना बरंच सांगता आलं असतं. उभी हयात ते गावोगाव बोलत हिंडले होते. लोकांनी माना डोलावल्या होत्या, टाळ्या वाजवल्या होत्या, हारही घातले होते. जेवायची वेळ झाली की मात्र यजमानांना नेमकं काहीतरी काम निघायचं, आणि भन्तेंसाठी वस्तीतून डबा यायचा. यातलं त्यांनी बाईंना काही सांगितलं नाही. सांगायचाही आता त्यांना कंटाळा आला होता.

“मी बोललो म्हणजे काय होईल?”

“त्यांना समजेल.”

“काय समजेल?”

बाईंनी बागेकडं मान वळवली.

विहिरीवर कुणीतरी पोहरा सोडला. दोर काठाला घासत खाली गेला. पलीकडे वस्तीतली एक बाई दोडक्याच्या वेलाला काठीचा आधार देत होती. बाग अजून हिरवीगार होती, सोमवारचं तिला काही ठाऊक नव्हतं.

“मला कळत नाही असं समजू नका, भन्ते,” बाई शेवटी म्हणाल्या. “आवडत नाही, हे निमित्त आहे. विहीर कुणाची, खुरपणारे हात कुणाचे, शिजवणारी कोण… सगळं कळतं मला. आईबाप घरी सांगतात आणि पोरं इथं काठावर काढतात. एवढीएवढीशी पोरं. त्यांच्या मनात हे कुणी घातलं?”

“हं.”

“मी जातपात मानत नाही. कधीच मानली नाही. माझ्या घरी कुणीही येवो, सगळ्यांना सारख्याच कपबशीतून चहा मिळतो.”

“हं,” भन्ते पुन्हा म्हणाले.

तो हुंकार बाईंना लागला. मग त्यांनी सगळं बोलून दाखवलं. शेणखताच्या पाट्या डोक्यावरून वाहिल्या, ते सांगितलं. घरोघर हिंडल्या, ते सांगितलं. एका घरी तर चहा पाजून, पाठीवरून हात फिरवून सांगितलं होतं, आमच्या लेकराला सवय नाही हो बाई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. नवरा म्हणतो, बदली मागून घे, उगाच कशाला गावाशी वैर? आणि हल्ली त्यांनाही त्याचं पटायला लागलं होतं.



“मी थकले, भन्ते.”

“मीही,” भन्ते म्हणाले.

एवढ्या मोठ्या माणसाकडून बाईंना दुसरं काहीतरी हवं होतं. धीराचं एखादं वाक्य, निदान एखादी गोष्ट. भन्ते नुसते समोर बघत राहिले. बाईंना वाटलं, आपण उगाच आलो.

शाळेची घंटा झाली.

भन्तेंनी खांबाला धरून स्वतःला उभं केलं. आत जाऊन भिक्षापात्र घेऊन आले.

तो शनिवार होता. शनिवारी शाळा सकाळची, त्यामुळे खिचडीही लवकर होते. भन्ते दिवसातून एकदाच जेवतात, तेही सूर्य माथ्यावर यायच्या आत. एरवी शाळेचं जेवण त्यांच्या वेळेत बसत नाही, शनिवारी बसतं. म्हणून शनिवारची भिक्षा शाळेतली. बाग त्यांच्या दाराशी होती, पण भिक्खूनं स्वतःच्या हातानं पान तोडायचं नाही, कुणी दिलं तरच घ्यायचं. त्यामुळे दारातला दोडकाही त्यांना शाळेला वळसा घालून यायचा.

दोघं शाळेकडं निघाले. भन्ते हळू चालत होते, म्हणून बाईंनाही हळू चालावं लागलं.

“मग येणार ना सोमवारी?”

“आधी भिक्षा.”

शाळेच्या अंगणात वस्तीतली मुलं ताटं घेऊन ओळीनं बसली होती. गावातली मुलं व्हरांड्यात होती, मांडीवर डबे उघडून. तुम्ही इथं बसा, तुम्ही तिथं बसा, असं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. गावातली काही मुलं डबे आणत नसत, ती ओळीच्या अगदी कडेला बसली होती, व्हरांड्याकडं तोंड करून.

एरवी भन्ते पात्रात खिचडी घेऊन विहारात परत जायचे. त्या दिवशी ते ओळीच्या टोकाला खाली बसले. बसताना गुडघे वाजले.

प्रयागमावशी पातेलं घेऊन आल्या, वाकल्या, पात्रात दोन डाव खिचडी घातली आणि हात जोडले. पिवळ्या खिचडीत दोडक्याच्या हिरव्या फोडी होत्या. वाफ येत होती.

भन्तेंनी पात्र समोर ठेवलं आणि तसेच बसून राहिले.

बाई त्यांच्या शेजारी उभ्या होत्या, मास्तर लोक पंगतीत उभे राहतात तशा.

“घ्या ना, भन्ते.”

“तुम्ही?”

“माझं नंतर. ऑफिसात डबा आहे माझा.”

“खिचडी नाही खात?”

“चव घेते की रोज. मुलांना वाढायच्या आधी शिक्षकानं चव घ्यायची, नियमच आहे तो. चमचाभर घेते. त्याहून जास्त नाही चालत. पित्त आहे मला, मसाल्याचं सोसत नाही.”

मावशी पुढच्या ताटात वाढत होत्या.

“मसाला नसतो बाई त्यात,” त्या म्हणाल्या. “लेकरायसाठी नुस्ती हळद अन् मीठ.”

त्यांनी ते सहज सांगितलं आणि पुढं सरकल्या.



थोड्या वेळानं भन्तेंनी विचारलं, “मुलं डबे कधीपासून आणायला लागली?”

“दिवाळीनंतर.”

“आणि तुम्ही?”

बाईंची नजर ऑफिसाच्या दाराकडं गेली.

“मी पहिल्यापासून,” त्या म्हणाल्या.

ऑफिसाच्या दाराला पडदा नव्हता. व्हरांड्यात बसलेल्या मुलांना बाईंचं टेबल दिसायचं, टेबलावरचा स्टीलचा डबा दिसायचा, आणि डबा उघडून एकट्या जेवणाऱ्या बाईही दिसायच्या. इतकी वर्षं बाई तिथं जेवत आल्या होत्या आणि मुलांना आपण दिसतो हे त्यांच्या कधी ध्यानातही आलं नव्हतं.

त्यांना लाज वाटायला हवी होती. पण आधी आला तो राग. उन्हातान्हात खत वाहिलं कुणी? गावाचे टोमणे खाल्ले कुणी? आणि हा म्हातारा ओसरीवर बसून गुडघे चोळणार आणि आपल्यालाच…

“म्हणजे माझ्यामुळं झालं हे सगळं?”

भन्ते पात्राकडं बघत होते.

“हा अन्याय आहे, भन्ते. मला निदान तुम्ही तरी असं बोलायला नको होतं.”

“मी काही बोललो नाही.”

ते खरंच काही बोलले नव्हते. बाईंना ते जास्तच झोंबलं.

अंगणातली सावली भिंतीकडं सरकत चालली होती. मावशी दुसरी फेरी वाढून परत आल्या. पात्र अजून भरलेलंच होतं.

“गार व्हायलंय, भन्तेजी. मग तुमची येळ टळंल.”

भन्तेंनी मान हलवली. मग त्यांनी पात्र दोन्ही हातांनी उचललं आणि समोरच्या जमिनीवर, बाईंच्या पायांपासून थोड्या अंतरावर ठेवलं.

“घ्या,” ते म्हणाले.

“मी? तुमच्या पात्रात?”

भन्तेंच्या पात्रात दुसरं कुणी जेवत नाही, हे गावात लहान पोरालाही ठाऊक होतं. मावशींचा डाव हातातच राहिला.

“अन् तुम्ही वो, भन्तेजी?”

“मी बसतो.”

बाई उभ्याच होत्या. खाली बसावं तर सगळं अंगण बघत होतं. न बसावं तरीही बघतच होतं. व्हरांड्यातल्या मुलांचे घास थांबले होते. बाईंच्या अंगातला राग उतरत गेला आणि उरला तो नुसता शीण.

“तुम्ही सोमवारी येणार नाही, एवढं कळलं मला,” त्या म्हणाल्या. “मग मी तिथं काय सांगू, भन्ते? मला एकटीला कुणी विचारणार नाही. बाग जाईल.”

“आधी जेवा.”

बाई खाली बसल्या. पदर मांडीखाली खोचला, पात्र पुढं ओढलं आणि पहिला घास घेतला.

घास सरळ खाली गेला. कुठं अडला नाही. बाईंना हायसं वाटलं, आणि आपल्याला हायसं वाटावं याचंच त्यांना वाईट वाटलं. त्यांनी दुसरा घास घेतला. खिचडी चांगली झाली होती. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं, त्यामुळे भूकही होती. तिसऱ्या-चौथ्या घासाला त्यांना बरं वाटायला लागलं. एवढंच तर होतं. हे तर आपण केव्हाही केलं असतं. कुणी आधी म्हटलं असतं तर दिवाळीतच केलं असतं.

व्हरांड्यातल्या मुलांकडं त्यांनी मान वर करून बघितलं. सोमवारी काय बोलायचं याची वाक्यंही डोक्यात जुळायला लागली. मी स्वतः मुलांच्या पंगतीला बसते, मी स्वतः या बागेतली भाजी खाते. समितीतल्या लोकांच्या तोंडावर हे फेकायला त्यांना आवडलं असतं.

“छान झालीय, मावशी,” त्या म्हणाल्या.

प्रयागमावशींनी मान डोलावली नाही. त्या बाईंच्या तोंडाकडं बघतच नव्हत्या. त्या पात्रात बघत होत्या.

बाईंनी खाली पाहिलं.

पात्राच्या काठाशी, आतल्या अंगानं, दोडक्याच्या फोडी लावून ठेवलेल्या होत्या. एकीला एक लागून, नीट, ओळीनं.

बाई बघत राहिल्या. क्षणभर त्यांना कळेना की हे कुणी केलं. पात्रात दुसऱ्या कुणाचा हात गेला नव्हता.

जीभ नको म्हणाली नव्हती. मनानंही नको म्हटलं नव्हतं. बोटांनी परस्पर काम उरकलं होतं, अगदी सफाईनं, घास तोंडाशी जायच्या आधी.

एक कोंबडी भिंतीवरून उतरून ओळीच्या कडेनं चालत आली. मावशींनी तिला पायानं हुसकलं आणि पातेलं घेऊन त्या चुलीकडं वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नवल वाटल्यासारखंही काही नव्हतं, आणि ते बाईंना सोसवेना.

बाईंचे डोळे भरून आले. उष्टा हात तसाच पात्रात राहिला. त्यांनी एक फोड काठावरून सोडवली, बोटांत धरली, पण ती तोंडाकडं नेण्याचं त्यांना भान राहिलं नाही.

“मला दोडका आवडतो, भन्ते,” त्या म्हणाल्या. “खरंच आवडतो. घरी मी आठवड्याला…”



भन्तेंनी खांद्यावरचं चीवर सावरलं. ते फार दमलेले दिसत होते. व्हरांड्यात उघडे डबे मांडीवर घेऊन बसलेल्या पोरांकडं त्यांनी एकदा पाहिलं.

“मुलांनाही आवडतो,” ते म्हणाले.